वैश्विक कोण आणि राजकीय कोण? २०२३ मधले माझे पाच आवडते ऑपेरा-प्रयोग



वर्ष सरले की रसिक मंडळी आपापल्या आवडत्या प्रयोगांच्या याद्या करतात. मीही केली आहे. माझी यादी ऑपेराची आहे आणि मी ऑपेराचा अगदी नवा प्रेक्षक आहे, हे आधीच सांगून टाकतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (जग त्याला नुसते ‘मेट’ म्हणते) २०२३ साली जे प्रयोग झाले, त्यांतले जमतील तितके मी पडद्यावर पाहिले. मेट २००६ च्या डिसेंबरपासून आपले निवडक प्रयोग जगभरच्या चित्रपटगृहांत दाखवते. मुंबईत एनसीपीएमध्येही असे खेळ होत आले आहेत. नंतर वर्गणी भरून हे प्रयोग घरी बसूनही पाहता येतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या तिकिटाशिवाय हे सारे माझ्यासारख्या माणसाच्या आवाक्यात आले.

ही यादी चार लोकांपुढे ठेवली, तेव्हा दोन बाजूंनी दोन आक्षेप आले.

पहिला आक्षेप जाणकारांचा. ‘तुमच्या यादीत व्हर्दी नाही, वाग्नर नाही, पुच्चिनी नाही. पाचांतले चार गेल्या चाळीस वर्षांतले. त्यांतले तीन तर उघड राजकीय. तुम्ही कला पाहत नाही, विषय पाहता. खरी कला वैश्विक असते.’

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा. ‘हा गोऱ्या श्रीमंतांचा शौक. आपल्याला काय करायचाय?’

दोन्ही आक्षेप वरवर एकमेकांच्या विरोधातले दिसतात. पण दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात की, ऑपेरा ही कुणाची तरी खासगी मालमत्ता आहे. एक जण दारावर पहारा देतो, दुसरा दारापासून परत फिरतो. दार आहे तिथेच राहते. माझे म्हणणे असे की, ज्याला हे जाणकार ‘वैश्विक’ म्हणतात, तीही एका विशिष्ट काळातल्या, विशिष्ट वर्गातल्या माणसांचीच गोष्ट असते. तिच्यावरचे नाव-गाव मालकांनी पुसून टाकलेले असते, एवढेच. आणि ज्याला ते ‘राजकीय’ म्हणून बाजूला सारतात, ती माणसाचीच गोष्ट असते. फक्त तो माणूस आजवर त्यांच्या यादीत माणूस म्हणून नव्हता.

हे पटवायचे तर आधी जुन्या, ‘शुद्ध’ ऑपेराकडेच पाहू.

मोझार्टचा ‘फिगारोचे लग्न’ १७८६ साली व्हिएन्नात आला. त्याची गोष्ट काय? एका सरदाराला आपल्या घरच्या मोलकरणीवर लग्नाआधी हक्क गाजवायचा आहे आणि नोकर-मोलकरीण मिळून त्याचा डाव उधळतात. ज्या फ्रेंच नाटकावरून हे घेतले, त्याच्या प्रयोगाला व्हिएन्नात बंदी होती. संहिताकार दा पोंते याला त्यातली धारदार भाषणे काढावी लागली, तेव्हा कुठे ऑपेरा उभा राहिला. व्हर्दीच्या ‘रिगोलेत्तो’त मूळ खलनायक फ्रान्सचा राजा होता. व्हेनिसच्या सेन्सॉरने राजा चालणार नाही म्हटले, म्हणून १८५१ मध्ये तो मान्तुआचा ड्यूक झाला. ‘ला त्राव्हियाता’ १८५३ ची. व्हर्दीला ती आपल्याच काळाच्या पोशाखात करायची होती, कारण पॅरिसच्या गणिकेला वापरून फेकून देणारा समाज समोरच्या खुर्च्यांतच बसला होता. अधिकाऱ्यांनी गोष्ट दीडशे वर्षे मागे ढकलायला लावली. ‘उन बाल्लो इन मास्केरा’ स्वीडनच्या राजाच्या खुनावर होता. सेन्सॉरने राजा काढला आणि गोष्ट थेट अमेरिकेतल्या बॉस्टनला नेऊन ठेवली.

त्या काळच्या सत्ताधीशांना ऑपेरा राजकीय आहे हे नेमके कळत होते. म्हणून तर त्यांनी कात्री चालवली. आजच्या जाणकारांना ते कळत नाही, कारण त्या राजकारणातले राजे मेले, सरदार मेले, आता त्याची झळ कुणाला बसत नाही. झळ बसेनाशी झाली की राजकारणाला ‘वैश्विक’ म्हणायची पद्धत आहे. गणिकेचे दुःख सगळ्या मानवजातीचे आणि कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याचे दुःख मात्र ‘एका समाजाचा प्रश्न’! ही विभागणी संगीताने केलेली नाही.

आता यादी. खालून वर जातो.

पाच : फ्लोरेन्सिया एन एल अमाझोनास

मेक्सिकन संगीतकार डॅनियल काटानचा हा स्पॅनिश ऑपेरा पहिल्यांदा १९९६ मध्ये ह्यूस्टनला झाला. मेटमध्ये तो नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. स्पॅनिश भाषेतला ऑपेरा मेटच्या रंगमंचावर जवळपास शंभर वर्षांनी झाला! न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर, हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत, इमारतींच्या बांधकामांवर जी भाषा रोज ऐकू येते, तिला शहराच्या सर्वांत मोठ्या ऑपेराघरात शंभर वर्षे जागा नव्हती. इटालियन, जर्मन, फ्रेंच, रशियन, चेक सगळ्या चालल्या. भाषेला दर्जा असतो तो तिच्या शब्दांमुळे की ती बोलणाऱ्यांच्या हुद्द्यामुळे, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

एक प्रसिद्ध गायिका नाव लपवून बोटीतून अमेझॉन नदीवरून मानाउसच्या ऑपेराघराकडे निघाली आहे, एवढीच गोष्ट. आयलीन पेरेझने ती गायली. मेक्सिकोहून अमेरिकेत आलेल्या आई-बापांची ही मुलगी. शेवटच्या गाण्यात तिचा आवाज वाद्यवृंदावर तरंगत राहतो, तो क्षण कितीही वेळा ऐकावा. पण आवडले म्हणून डोळे मिटायचे नसतात. मानाउसचे ते ऑपेराघर १८९६ साली रबराच्या पैशावर उभे राहिले आणि त्या रबरासाठी अमेझॉनच्या आदिवासींचे रक्त सांडले. हा ऑपेरा त्याबद्दल फारसे बोलत नाही. म्हणून पाचवा.

चार : डॉन जिओव्हान्नी

यादीतला हा एकच जुना. मोझार्ट आणि दा पोंते यांचा, १७८७ चा. एक सरदार बायका नासवत फिरतो. त्याच्या नोकराने त्यांची यादीच ठेवली आहे, एकट्या स्पेनमधल्या १००३. दोनशे वर्षे रसिकांनी या माणसाला ‘रंगेल’, ‘बंडखोर’, ‘आकर्षक’ म्हणून मिरवले. मे २०२३ मध्ये दिग्दर्शक ईवो व्हान होव्हने तो सगळा मुलामा खरवडून काढला. करड्या सिमेंटच्या भिंती, अरुंद जिने, आणि त्यांत सुटाबुटातला एक थंड डोक्याचा शिकारी. पीटर मॅटेचा आवाज मधासारखा आहे आणि म्हणूनच तो अधिक भीतिदायक वाटतो. वाद्यवृंदाचे संचालन नताली श्टुट्झमान या स्त्रीने केले.

मला यात सर्वांत भिडला तो मासेत्तो. तो गावचा साधा शेतकरी. त्याच्या लग्नाच्या दिवशी जमीनदार नवरीला घेऊन जातो आणि याला तलवार दाखवून बाजूला हो म्हणतो. तेव्हा मासेत्तो एक छोटे गाणे गातो. वरून ‘होय मालक, समजलो मालक’ आणि आतून पेटलेला. आल्फ्रेड वॉकर या कृष्णवर्णीय गायकाने ते गायले. पडदा उघडल्यावर पहिला आवाज येतो तोही नोकराचा. रात्रंदिवस राबायचे आणि मालकाला किंमत नाही, अशी त्याची तक्रार. जाणकारांनो, हा तुमचाच मोझार्ट. यात राजकारण मी घातले का?

तीन : डेड मॅन वॉकिंग

जेक हेगीचा हा ऑपेरा २००० साली सॅन फ्रान्सिस्कोला पहिल्यांदा झाला. मेटने २६ सप्टेंबर २०२३ ला आपल्या नव्या हंगामाचे उद्घाटनच त्याने केले. लुइझियानातल्या तुरुंगात फाशीची वाट पाहणारा कैदी आणि त्याच्यासोबत शेवटपर्यंत राहणारी जोगीण, सिस्टर हेलन प्रेजाँ. ही सिस्टर खरी आहे, तिच्या अनुभवांवरच हा ऑपेरा आहे.

या ऑपेराचा प्रामाणिकपणा असा की, तो कैद्याला निर्दोष ठरवत नाही. खून सुरुवातीलाच दाखवतो. आता शंकेला जागा उरली नाही, तर सांगा, सरकारने माणूस मारावा का? असा तो प्रश्न आहे. जॉइस डिडोनाटोची सिस्टर आणि रायन मॅकिनीचा कैदी दोघेही जबरदस्त. पण माझ्या मनात राहिली ती कैद्याची आई. माफी मंडळापुढे ती उभी राहते. गरीब बाई, शिक्षण नाही, साहेब लोकांपुढे कसे बोलायचे ठाऊक नाही. शब्द अडखळतात, वाक्ये तुटतात आणि संगीतही तिच्याबरोबर अडखळते. ज्याने कधी तहसील कचेरीत किंवा कोर्टात आपल्या आईला साहेबापुढे बोलताना पाहिले आहे, त्याला ही भाषा कळायला इंग्रजी यावे लागत नाही. ही भूमिका सुझन ग्रॅहमने केली. २००० साली याच ऑपेरात सिस्टरची भूमिका पहिल्यांदा करणारीही तीच होती.

शेवटी विषाची सुई टोचली जाते तेव्हा वाद्यवृंद गप्प होतो. ऑपेरासारख्या कलेत संगीत थांबवायला धाडस लागते. ती शांतता मला कुठल्याही मोठ्या समूहगानापेक्षा मोठी वाटली. या प्रयोगाच्याच सुमारास डिडोनाटो आणि सहकाऱ्यांनी सिंग सिंग तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर हा ऑपेरा सादर केला आणि समूहगान कैद्यांनीच गायले. फाशीच्या गोष्टीतला समूह कोण, हे तिथे स्पष्ट झाले.

दोन : चॅम्पियन

संगीतकार टेरेन्स ब्लँचर्ड, जॅझचा मोठा ट्रम्पेटवादक. ऑपेरा २०१३ चा, मेटमध्ये एप्रिल २०२३. कथा एमिल ग्रिफिथ या मुष्टियोद्ध्याची. कॅरिबियन बेटावरून न्यूयॉर्कला आलेला हा पोरगा टोप्यांच्या कारखान्यात काम करत होता. मालकाने त्याची शरीरयष्टी पाहून त्याला आखाड्यात उतरवले. तो जगज्जेता झाला. २४ मार्च १९६२ च्या लढतीआधी प्रतिस्पर्धी बेनी पॅरेटने त्याच्या पुरुषांवरच्या प्रेमाची जाहीर टवाळी केली. रिंगणात ग्रिफिथने ठोसे मारले, ते दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिले. पॅरेट बेशुद्ध पडला आणि दहा दिवसांनी मेला. माणूस मारला म्हणून समाजाने ग्रिफिथला माफ केले. माणसावर प्रेम केले म्हणून मात्र नाही.

या ऑपेरात एमिल तीन वयांत दिसतो. म्हातारा एमिल एरिक ओवेन्सने केला. स्मृती गेलेला म्हातारा हातात एक बूट घेऊन बसला आहे आणि तो बूट कुठे ठेवायचा हे त्याला आठवत नाही. डोक्यावर खाल्लेल्या ठोशांची ही किंमत. तरुण एमिल झाला रायन स्पीडो ग्रीन. आईच्या भूमिकेत लटोनिया मूर. तिचे दुसऱ्या अंकातले गाणे जवळजवळ बेसच्या नुसत्या तारांवर उभे आहे आणि त्या उघड्या साथीवर आवाजाला लपायला जागा नाही.

जाणकार म्हणतात, यातला पहिला अंक लांबतो. लांबतो, मान्य. पण वाग्नरचे अंक किती लांबतात, हे त्यांना विचारावे. तिथे लांबीला ‘भव्यता’ म्हणतात.

एक : एक्स, माल्कम एक्सचे जीवन आणि काळ

आणि हा माझा पहिला क्रमांक. संगीत अँथनी डेव्हिस, कथा त्यांचे भाऊ क्रिस्टोफर डेव्हिस, संहिता त्यांची चुलत बहीण थुलानी डेव्हिस. न्यूयॉर्क सिटी ऑपेराने १९८६ मध्ये तो केला. तिथून लिंकन सेंटरमधलेच मेट काही पावलांवर. ती काही पावले चालायला या ऑपेराला ३७ वर्षे लागली. ३ नोव्हेंबर २०२३ ला तो मेटच्या रंगमंचावर आला.

संगीताबद्दल आधी बोलतो, कारण आक्षेप तिथेच आहे. डेव्हिसने मोठ्या वाद्यवृंदात जॅझचे वादक बसवले आहेत आणि त्यांना जागच्या जागी सुचेल ते वाजवायची मोकळीक ठेवली आहे. तालाची आवर्तने विषम आहेत, पाय धरायला जावे तर जमीन सरकते. बॉस्टनच्या रस्त्यावरचे संगीत वेगळे, तुरुंगातले वेगळे, मशिदीतले वेगळे. रस्त्यावरच्या ‘स्ट्रीट’ नावाच्या भुरट्याची आणि धर्मगुरू एलायजा मुहम्मदची भूमिका एकच टेनर करतो. माल्कमच्या आईची आणि बायकोची भूमिकाही एकीच सोप्रानोची, इथे लीआ हॉकिन्सची. पहिल्या प्रवेशात आई घरात वाट पाहते आहे. नवऱ्याला यायला उशीर झाला आहे. गोऱ्या दहशतवाद्यांनी आधी एक घर जाळले आहे. पुढे काय होणार हे तिच्या आवाजालाच कळलेले असते. हॉकिन्सचा तो प्रवेश वर्षभरात ऐकलेल्या गायनात माझ्या लेखी सर्वांत मोठा.

पहिल्या अंकाच्या शेवटी माल्कम पकडला जातो. विल लिव्हरमन समोर तोंड करून उभा राहतो आणि गातो. तुम्हाला सत्य हवे म्हणता, पण ते ऐकायची तुमची तयारी नाही, असा त्या गाण्याचा आशय. तो पोलिसांना उद्देशून गातो, पण पोलीस दिसत नाहीत. समोर मेटचे प्रेक्षक असतात. मेटच्या तीन हजार आठशे खुर्च्यांपुढे एक कृष्णवर्णीय आरोपी न्यायाधीशाच्या आवाजात गातो, हे दृश्य मला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. शेवटी २१ फेब्रुवारी १९६५. ऑडुबॉन सभागृह. तो मंचावर येतो, श्रोत्यांना सलाम करतो आणि गोळ्या झडतात. शोकगीत नाही, निरोपाचे गाणे नाही. व्हर्दीची नायिका क्षयाने मरतानाही दहा मिनिटे गाते. माल्कमला तेवढी सवलत इतिहासाने दिली नाही, म्हणून डेव्हिसनेही दिली नाही.

हे जर कलेचे यश नसेल, तर कलेचे यश म्हणजे काय?

आता ‘गुणवत्ता’ या शब्दाकडे वळू. ‘गुणवत्ता असेल तर दार आपोआप उघडते’ हे वाक्य आपण इथे रोज ऐकतो. मेटचा इतिहास या वाक्याचे काय करतो ते पाहा. मेरियन अँडरसनचा आवाज ऐकून तोस्कानिनीसारख्या महान संचालकाने १९३५ मध्ये म्हटले होते की, असा आवाज शंभर वर्षांत एकदाच ऐकायला मिळतो. १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने तिला रंगाच्या कारणावरून गाऊ दिले नाही. ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर ७५,००० लोकांपुढे गायली. मेटमध्ये तिला पाऊल ठेवायला मिळाले ७ जानेवारी १९५५ ला. तेव्हा तिचे वय ५७ होते, आवाजाचा बहर ओसरला होता. भूमिका कुठली दिली? व्हर्दीच्या ‘उन बाल्लो इन मास्केरा’तली जोगतीण उल्रिका. त्या ऑपेराच्या मूळ संहितेत न्यायाधीश या उल्रिकाचे वर्णन करताना तिचे रक्त काळ्यांचे आणि म्हणून अमंगळ असल्याचे सांगतो. शंभर वर्षांत एकदा मिळणाऱ्या आवाजासाठी दार उघडायला वीस वर्षे लागली आणि उघडल्यावर पहिली जागा मिळाली ती ‘विटाळलेल्या रक्ताची’. रक्त, विटाळ हे शब्द आपल्याला नवे नाहीत.

पुढे १९६१ मध्ये लिओन्टीन प्राइस आली आणि तिच्या पहिल्याच रात्री टाळ्या चाळीस मिनिटांवर थांबल्या नाहीत. त्याच वर्षी ग्रेस बम्ब्री जर्मनीत बायरॉइटला व्हीनसची भूमिका गायला उभी राहिली, तेव्हा निषेधाची पत्रे आली होती. २०२३ च्या मे महिन्यात ती गेली. पण गायला मिळणे वेगळे आणि लिहायला मिळणे वेगळे. विल्यम ग्रँट स्टिलचा हैतीच्या गुलामांच्या उठावावरचा ‘ट्रबल्ड आयलंड’ न्यूयॉर्क सिटी ऑपेराने १९४९ मध्ये केला. संहिता लँग्स्टन ह्यूजची. तरी हैतीच्या मुक्तिदात्याची भूमिका गोऱ्या गायकाने तोंडाला काळे फासून केली. मेटची स्थापना १८८३ ची. तिथे कृष्णवर्णीय संगीतकाराचा पहिला ऑपेरा झाला २७ सप्टेंबर २०२१ ला, ब्लँचर्डचाच ‘फायर शट अप इन माय बोन्स’. मध्ये १३८ वर्षे. १३८ वर्षांत एकही लायक माणूस जन्मला नाही, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने उघड म्हणावे. गोऱ्या टेनरने ऑथेल्लो करताना काळा रंग लावायची प्रथा मेटने सोडली, तीही २०१५ मध्ये.

आता रायन स्पीडो ग्रीनकडे परत येतो. व्हर्जिनियात गरिबीत वाढलेला हा मुलगा बाराव्या वर्षी बालसुधारगृहात होता. पुढे शाळेच्या सहलीबरोबर त्याने मेटमध्ये ‘कार्मेन’ पाहिला. मुख्य भूमिकेत डेनिस ग्रेव्हज होती, एक कृष्णवर्णीय स्त्री. इथे मीही गाऊ शकतो, हे त्याला त्या दिवशी कळले. २०११ मध्ये तो मेटची स्पर्धा जिंकला आणि २०२३ मध्ये ‘चॅम्पियन’चा नायक झाला. मंचावर कोण उभे आहे याने काही फरक पडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या माणसाचे आयुष्य वाचावे. गुणवत्ता त्याच्या गळ्यात आधीपासून होती. ती तिथे नेता येते, हे त्याला कुणीतरी तिथे उभे राहून दाखवावे लागले.

ऑपेरात आपलाही एक जुना संबंध आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. दोनिझेत्तीने १८२९ साली नेपल्समध्ये ‘इल पारिया’ नावाचा ऑपेरा केला. पारिया म्हणजे अस्पृश्य. मोन्यूश्को या पोलिश संगीतकाराने त्याच कथेवर १८६९ मध्ये वॉर्सात ‘पारिया’ केला. बनारसचा शूर सेनापती इदामोर हा जन्माने अस्पृश्य आहे, पण त्याने जात लपवली आहे. मुख्य पुरोहिताच्या मुलीवर त्याचे प्रेम आहे. म्हातारा बाप त्याला शोधत येतो आणि सगळे उघड होते. महात्मा फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ चे, म्हणजे त्याच्या चार वर्षे आधी वॉर्साच्या रंगमंचावर अस्पृश्य नायक गात होता! हे दोन्ही ऑपेरा आज क्वचितच होतात. आणि भारतावरचा कुठला ऑपेरा जगभर वाजतो? दलीबचा ‘लाक्मे’, १८८३ चा. ब्राह्मण पुरोहिताची सुंदर मुलगी, कमळे, मंदिर, फुले वेचतानाचे दोघींचे गाणे. ते गाणे विमान कंपनीच्या जाहिरातींतही वाजले. पुरोहिताची मुलगी ‘वैश्विक’ झाली आणि अस्पृश्य सेनापती कपाटात गेला.

तरी मी ‘पारिया’वरही खूश नाही. युरोपातल्या भल्या माणसांनी दयेपोटी लिहिलेली ती गोष्ट आहे. त्यातला अस्पृश्य शूर आहे, पण लपलेला आहे. जात उघड झाली की त्याच्या वाट्याला मरण येते. तो स्वतःच्या गोष्टीचा विषय आहे, कर्ता नाही. ‘एक्स’चे मोठेपण इथे कळते. ज्यांच्या घरात तो इतिहास घडला, त्या घराण्यांनी ती गोष्ट लिहिली, स्वरबद्ध केली आणि गायली. नाव लपवून नव्हे. ‘एक्स’ हे आडनावच गुलामीत पुसलेल्या नावाची खूण आहे. ब्लॅक पँथरच्या प्रेरणेतून १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हाही मुद्दा हाच होता. आमच्याविषयी पुरे झाले, आता आम्ही बोलतो. तेव्हा इथल्या साहित्याच्या जाणकारांनी काय म्हटले होते? ‘हे साहित्य नाही, प्रचार आहे.’ न्यूयॉर्कचे जाणकार आज तेच ‘एक्स’बद्दल म्हणतात. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, तरी भाषा एक आहे.

आता आपल्या माणसांच्या आक्षेपाकडे.

ऑपेरा महाग आहे, मेटची चांगली तिकिटे सामान्य अमेरिकन माणसालाही परवडत नाहीत, हे खरे. मेट ही संतांची संस्थाही नव्हे. कोविडच्या काळात तिने आपल्या वादकांना आणि समूहगायकांना जवळपास वर्षभर बिनपगारी ठेवले होते. मंचावर चार कृष्णवर्णीय आले म्हणून तिजोरीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत हे बदलत नाही. हे सगळे बोललेच पाहिजे. पण म्हणून ‘ते त्यांचे, आपल्याला नको’ म्हणणे म्हणजे मालकाचा सातबारा आपणच लिहून देणे. महाडला बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की, चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, ते न पिताही आपण जगलो आहोत. आपण तिथे जातो ते इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला. माझे ऑपेराबद्दल तेच म्हणणे आहे. ऑपेरावाचून आपले काही अडलेले नाही. जलसे, शाहिरी, भीमगीते यांनी आपल्याला पुरेसे दिले आहे आणि ते कुणापेक्षा कमी नाही. पण माणसाच्या गळ्यातून मायक्रोफोनशिवाय, सबंध वाद्यवृंदावर मात करून निघणारा आवाज ही मानवजातीची कमाई आहे. तिच्यावर कुणा एकाचा शिक्का आम्ही का मान्य करायचा?

‘तुम्हाला त्यातले काय कळते?’ हा प्रश्न विचारला जाईल, मला विचारलाच गेला. इटालियन येत नाही, मला तर स्वरलिपीही वाचता येत नाही. पण मासेत्तोचा गिळलेला राग मला कळतो. माफी मंडळापुढची आई कळते. नवऱ्याची वाट पाहणारी लुइझ कळते. पडद्याखाली इंग्रजी ओळी येतात, बाकीचे कान करतो. ज्यांना पन्नास वर्षे ऐकूनही मासेत्तो दिसला नाही, त्यांच्यापेक्षा हे कळणे कमी कसे?

म्हणून जाणकारांना माझे सांगणे आहे की, तुमच्या यादीत व्हर्दी असू द्या, माझा विरोध नाही. मीही पुढच्या वर्षी व्हर्दीच ऐकायला घेणार आहे, सेन्सॉरने काय काय कापले ते लक्षात ठेवून. पण ‘वैश्विक’ हा शब्द वापरण्याआधी त्यात कोण कोण बसते हे सांगा. आणि कार्यकर्त्या मित्रांना विनंती आहे की, एक संध्याकाळ काढा, वस्तीतल्या वाचनालयात किंवा कुणाच्या घरी टीव्हीवर चार पोरे गोळा करा आणि ‘एक्स’चा पहिला अंक लावा. पोरांना आधी काही समजावून सांगू नका. माल्कम समोर तोंड करून गायला लागला की त्यांचे चेहरे पाहा. मग मला सांगा, ही कला कुणाची ते.

जय भीम.